गोलपोस्टमागचे भागवतकाका

राहुरीत भागवत ढोकणे कुठं राहतात म्हणून विचारलंत, तर समोरचा आधी तुम्हालाच विचारील, "कोण, हॉकीवाले का?" साठीला टेकलेला गडी. उजव्या हाताची दोन बोटं वाकडी, मिशीला मात्र न चुकता काळा रंग. तरुणपणी भिंगारच्या मैदानावर गोलकीपर होते, ती वाकडी बोटं तिथलीच कमाई. आता ते मुळा वाघिणी या संघासाठी पोरी हेरतात. हेरतात म्हणजे काय करतात? तर मोटरसायकलला किक मारतात, जिल्ह्यात जिथं पोरींची मॅच असेल तिथं जातात आणि मांडवातली खुर्ची सोडून गोलपोस्टच्या मागं मातीत बसकण मारतात.

लोक म्हणतात, काका, इकडं सावलीत या की. काका ऐकतील तर शपथ! बाजूनं बघितलं की नुसता बॉल दिसतो, मागून बघितलं की डोकं दिसतं, असं त्यांचं म्हणणं. बॉल कुठं आहे ते तर शेंगदाणे विकणाराही सांगतो. बॉल यायच्या आधी कुणाचे पाय हलले, ते काका बघत बसतात.

आता या मुळा वाघिणींची कथा ऐका. राहात्याच्या कल्याण गाडे या दूधवाल्या शेठनं हा पगारी पोरींचा संघ हौसेनं काढला, आणि संघानंही हौसेनं हरायचं व्रत घेतलं. साखळी स्पर्धेत सहा संघ, त्यात दरवर्षी आपल्या वाघिणी तळाला. शेठ सगळ्यांसमोर बोलून गेले होते, "यंदा शेवटचं. पुन्हा तळाला गेलो तर संघ बंद." शेठ पोकळ धमकी देणाऱ्यातले नव्हेत. पोरींची घरं त्या पगारावर उभी होती, आणि काकांचा तर जीवच त्यात होता.

तळाला जायचा एक फायदा मात्र होता. हंगामाच्या आधी पुण्यात निवडीचा दिवस असतो. त्या दिवशी सगळे संघ टेबलं मांडून बसतात आणि पाळीपाळीनं एकेका नव्या खेळाडूचं नाव पुकारतात. ज्याच्या तोंडून नाव आधी निघेल, खेळाडू त्याची. शेवटच्या संघाला पहिलं नाव घ्यायचा मान. मात्र एकदा नाव घेतलं की बाकीच्या पाचांची नावं होईपर्यंत गप बसायचं, मग पुन्हा आपली पाळी.

पहिलं नाव कुणाचं, यावर वाद नव्हताच. कोल्हापूरची राजनंदिनी. वाऱ्यासारखी पळणारी, गोलावर गोल करणारी पोरगी. तिचे फोटो आधीच पेपरात झळकलेले. शेठ तिच्या नावानं पोस्टर छापायला बसले होते. पण दुसरं नाव? ते काका शोधत होते.

आणि सापडलं कुठं? पारनेरच्या पठारावर, खडकमाळ नावाच्या गावात.

तिथल्या शाळेच्या सुनील सरांनी पोरींच्या हातात हॉकी दिलेली. मैदान म्हणजे नुसता मुरूम. बॉल सरळ आला तर आश्चर्य. मधेच खड्यावर आपटून कधी गुडघ्याला येतो, कधी कपाळाला. काका नेहमीसारखे गोलामागं बसले. समोर बचावाला एक काळीसावळी उंच पोरगी उभी होती, संस्कृती झावरे. पहिली दहा मिनिटं काकांनी तिच्याकडं बघितलंही नाही, कारण ती काही करतच नव्हती. ना पळणं, ना ओरडणं. मग काकांच्या ध्यानात आलं की समोरच्या पोरी तिच्या बाजूनं यायच्याच बंद झाल्यात.

तेवढ्यात एक चुकार बॉल जोरात आला, खड्यावर आपटला आणि भलतीकडंच उडाला. काकांच्या अंगातला जुना गोलकीपर डावीकडं झुकला. संस्कृती त्याआधीच उजवीकडं गेली होती. बॉल उडायच्या आधी! तिनं तो ओट्यावरून तांब्या उचलावा तसा अलगद घेतला आणि पुढं दिला. काकांच्या अंगावर सरसरून काटा आला. जन्म गेला गोलात उभं राहण्यात, पण असलं कधी बघितलं नव्हतं. आयला, हिला मातीच सांगती की काय, असं ते मोठ्यानं बोलून गेले.

मॅच संपल्यावर त्यांनी तिला गाठलं. "पोरी, बॉल तिकडं उडणार, हे तुला कसं कळलं गं?"

"कळतं की," ती म्हणाली. तिलाही त्यात काही विशेष वाटत नव्हतं.

तिची आई चांगुणा मैदानाकडेला उभी होती. तिनं काकांना आपादमस्तक न्याहाळलं. "तुमी न्याल व्हय तिला? नुसतं बोलून जाणारे लई आले."

"मी नेतो," काका म्हणाले. "माझा शब्द हाय."

संघाची कोच नीलांबरी मुळे, नगरची. शिस्तीची बाई, पण काकांवर तिची माया. तिनं खडकमाळला येऊन पोरीची एक मॅच बघितली. परतताना गाडीत म्हणाली, "काका, पोरगी सोनं आहे. पण ती टर्फवर, त्या हिरव्या प्लास्टिकच्या गवतावर, कधी उभी राहिली नाही. तिथं बॉल उडत नाही, सरपटत येतो. तिथं हिचं काय होईल, देव जाणे. पहिलं नाव हिच्यावर घालवता येणार नाही. दुसऱ्या पाळीला घेऊ. फक्त एक करा, तोंड बंद ठेवा. ही आपल्याशिवाय कुणाला माहीत नाही, हीच आपली ताकद."

काकांनी तोंड बंद ठेवलं. चहाच्या टपरीवर नाही, सोयऱ्यांत नाही, बायकोपुढंसुद्धा नाही. आता एवढं केल्यावर गाडं रुळावरून घसरायला नको होतं. पण घसरलं.

झालं असं, की खडकमाळच्या तरुण मंडळाचा फोन आला. "काका, तुमचा एक चांगला फोटो पाठवा ना." काकांना वाटलं, पोरांना सत्काराची पत्रिका काढायची असेल. आणि फोटो म्हटल्यावर आमचे काका विरघळतात. मिशी नीट रंगवलेला, गॉगल लावलेला, मोटरसायकलला टेकून काढलेला फोटो त्यांनी तत्काळ धाडला.

दोन दिवसांनी नीलांबरीचा फोन. "काका, गॉगल छान दिसतो हो तुम्हाला."

"कुठं बघितला?"

"सगळ्या महाराष्ट्रानं बघितला. मोबाईल उघडा."

काकांनी मोबाईल उघडला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. खडकमाळच्या एसटी थांब्यावर हा भलामोठा फ्लेक्स! मधोमध संस्कृती हॉकी घेऊन उभी, वर 'मुळा वाघिणी संघात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन', खाली शुभेच्छुक म्हणून निम्म्या गावाची मुंडकी, आणि कोपऱ्यात 'मार्गदर्शक' म्हणून गॉगलवाले भागवतकाका. निवड अजून व्हायची होती! पण आपल्याकडं आनंद व्हायच्या आधी बोर्ड लागतो, त्याला कोण काय करणार? पोरांचा हेतू निर्मळ होता. काकांना त्यांचा राग आला नाही, स्वतःचा आला. एका फोटोच्या मोहापायी झाकलेलं सगळं चव्हाट्यावर आलं होतं.

निवडीच्या दिवशी पुण्याच्या हॉलमध्ये काका शिरले, तर जो तो त्यांच्याकडं बघून गालात हसत होता. टेबलाशी शेठ, नीलांबरी आणि काका. नीलांबरी हळू आवाजात म्हणाली, "काका, आता सगळ्यांना माहीत झालंय. दुसऱ्या पाळीपर्यंत ती राहील याची खात्री नाही. तुम्ही म्हणत असाल तर मी शेठशी भांडते, पहिलं नाव तिचं घेऊ. पण तुम्ही ठाम पाहिजे."

शेठ पुढं झुकले. "काका, टर्फवर बघितलंय तिला?"

"न्हाई."

"मागं तुमीच आणलेली नाशिकची पोरगी एका हंगामात पळून गेली. खरंय का?"

"खरंय."

"मग सांगा छातीवर हात ठेवून. राजनंदिनीला सोडून हिला घेऊ? संघ बुडला तर तुमच्या नावावर."

काकांच्या डोळ्यांपुढं ती मातीतली पोरगी उभी राहिली. बॉल उडायच्या आधी उजवीकडं गेलेली. ओठांवर नाव आलं होतं. पण त्या पोरींचे पगार, नाशिकच्या पोरीचा तो फजितवाडा, हॉलभर पसरलेलं हसू, सगळं एकदम छातीवर येऊन बसलं.

"राजनंदिनीच घ्या," काका म्हणाले. "आपली पोरगी दुसऱ्या पाळीला राहील. मुरमावरची पोरगी कोण घेतंय?"

राजनंदिनीचं नाव पुकारलं गेलं. टाळ्या पडल्या. मग एकेक टेबल नाव घेऊ लागलं. प्रत्येक नावाला काका डोळे मिटायचे आणि संस्कृतीचं नाही म्हटल्यावर उघडायचे. शेवटी फक्त पुण्याचं टेबल उरलं. त्यांच्यासाठी खेळाडू हेरणारी मैत्रेयी दातार उठली आणि शांतपणे म्हणाली, "संस्कृती झावरे, खडकमाळ."

शेठनी खांदे उडवले. नीलांबरीनं काकांच्या हातावर हात ठेवला.

चहाच्या वेळी काकांनी मैत्रेयीला गाठलं. "बाई, तुमी तिला खेळताना बघितलंय?"

"नाही हो. एकदाही नाही."

"मग?"

"बोर्डावर तुमचा फोटो होता ना. भागवत ढोकणे पारनेरच्या पठारावर चढून जिच्यासाठी गोलामागं बसले, ती साधी असेल होय? तुमच्या नजरेवर घेतली मी तिला."

काकांच्या कपातला चहा तसाच राहिला.

हंगाम सुरू झाला. राजनंदिनीचं नाव उगाच झालेलं नव्हतं. तिनं गोल केले, वाघिणी वर सरकल्या, शेठ खूश झाले, संघ वाचणार अशी चिन्हं दिसू लागली. मग पुण्याशी मॅच आली. काका यावेळीही बाकावर टिकले नाहीत, पुण्याच्या गोलामागं जाऊन बसले.

सामना बरोबरीत असताना राजनंदिनीला बॉल मिळाला. एकीला चुकवलं, दुसरीला चुकवलं, सगळं मैदान उभं राहिलं. समोर एकटी संस्कृती. तिनं हॉकी अगदी खाली, टर्फला चिकटवून धरली होती. राजनंदिनीनं डावीकडं झुकून उजवीकडं बॉल ओढला, इतक्या वेगात की काकांना नुसती रेघ दिसली. संस्कृती तिथं आधीच होती. तोच अलगदपणा. हिसका नाही, धक्का नाही. बॉल तिच्याकडं आला आणि राजनंदिनी रिकाम्या हॉकीनं चार पावलं पुढं गेली.

काका उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. त्यांचे डोळे भरून आले होते. माती नव्हती, खडा नव्हता, तरी तिला कळत होतं. देवा, हे काय दिलंयस या पोरीला!

शेठ बाजूला येऊन खेकसले, "काका, आपली कोण न् त्यांची कोण, कळतंय का?"

"शेठ," काका म्हणाले, "बघितलंत का तुमी? नुसतं बघितलंत का?"

मॅच पुण्यानं जिंकली. खेळाडू बाहेर येताना संस्कृती वाकडी वाट करून काकांकडं आली. घामानं निथळलेली, चेहरा हसरा. वाकून नमस्कार केला. मग खाली बघतच म्हणाली, "काका, निवडीच्या दिवशी आमी सगळे घरी मोबाईलवर बघत बसलो हुतो. मला वाटलं, पयलं नाव तुमी माझंच घ्याल."

काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"माझ्या तोंडात तुझंच हुतं, पोरी," ते म्हणाले. "काढायची छाती झाली न्हाई."