भूलवाल्या सरांची पिवळी

जीवन आणि मृत्यू यांच्या सीमेवर अखंड उभा असणारा एकच पहारेकरी वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे, आणि तो म्हणजे भूलतज्ज्ञ. आमचे भूलवाले सर मात्र उभे नसत. ते पेशंटच्या डोक्याशी एका उंच स्टुलावर बसत. त्या स्टुलाचा एक पाय आखूड होता, म्हणून त्याखाली औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा घडी करून सरकवलेला असे. पुठ्ठा हलला की सीमेवर थोडी गडबड होई.

अकोल्याच्या जठारपेठेतल्या एका खाजगी दवाखान्यात मी ऑपरेशन थिएटरची सिस्टर होते. सर तिथे स्कूटरवरून येत. पायांमध्ये चामड्याची बॅग आणि हेल्मेटच्या आत हिरवी टोपी. दवाखान्याच्या दारावर सर्जनसाहेबांचे नाव सोनेरी अक्षरांत होते, भूमिपूजन करणाऱ्याचे संगमरवरात होते, आणि सरांचे कुठेच नव्हते. त्यांना त्याचे काही वाटत नसे. "पेशंटले माहं नाव सांगेपर्यंत तो झोपते," ते म्हणत. "मंग कोनासाठी लिवाचं?" ते मूळचे अंजनगाव सुर्जीचे. शिक्षण नागपूरला झाले, पण बोली बदलायचे त्यांच्या मनातही आले नाही. पुण्याहून आलेल्या एका मोठ्या डॉक्टरांना त्यांनी "तुमी जरा बाजूले सरता काय?" असे विचारले, तेव्हा ते डॉक्टर दुखावले. सरांनी आपल्या परीने विनंती केली होती.

त्यांचे आवडते औषध थायोपेंटोन. लहान बाटलीत फिक्कट पिवळी पूड असते. ती पाण्यात विरघळवून शिरेत दिली की अर्ध्या मिनिटात माणूस गाढ झोपतो. सर तिला 'पिवळी' म्हणत. तरुण डॉक्टर कधीचेच दुधासारख्या पांढऱ्या नव्या औषधाकडे वळले होते. सरही गरज पडली की ते देत, पण परक्या गावच्या पाहुण्याला वाढावे तसे. इंजेक्शन देताना ते पेशंटला आकडे मोजायला लावत. "मोजा आजी. वीसपर्यंत पोचल्या तं मी डिगरी वापस करतो." डिग्री शेवटपर्यंत त्यांच्याकडेच राहिली. गणिताचे एक मास्तर अकरापर्यंत गेले होते. पुढे लग्नकार्यांत ते अठरा सांगत.

पिवळी शिरेत गेली की काहींना तोंडात लसणाची चव येते. याची सूचना सर आधीच देत. "लसूण खाल्ल्यासारखं वाटन. तो मी देल्ला नाई, दवाईसंग येते."

त्यांचा खरा शत्रू म्हणजे चहा. भूल द्यायची तर पोट रिकामे हवे, हे पेशंटला तीनतीनदा सांगितलेले असे. सकाळी सर विचारत, "उपाशी हा ना?" पेशंट ठामपणे म्हणे, "एकदम उपाशी. फक्त चहा घेतला. अन् त्याच्यात दोन टोस्ट." वऱ्हाडात चहा हे खाणे नव्हे आणि चहात बुडालेला टोस्ट हा चहाच, हे सरांना मान्य होते. पण पेशंटच्या पोटाला ते मान्य नाही, असे सांगून ते ऑपरेशन पुढे ढकलत. सर्जनसाहेब चिडत. सर शांतपणे बॅग आवरत. एकदा एका संस्थेच्या स्नेहभोजनानंतर त्यांना 'भूलशास्त्राची गौरवशाली वाटचाल' या विषयावर बोलायला उभे केले. ते म्हणाले, "तुमाले झोपवता येत नाई. तुमी समदे जेवून आले." आणि खाली बसले.

मोबाईलवर लोक काहीबाही वाचू लागले तशी पिवळीची बदनामी वाढली. एका पेशंटच्या जावयाने फोनच पुढे केला. "डॉक्टर, परदेशात फाशीच्या कैद्याईले हेच इंजेक्शन देत होते म्हनते!" सर म्हणाले, "देत होते. त्याईले माणूस उठवाचा नव्हता, मले उठवाचा हाय. फरक येवढाच." जावई बराच वेळ सासऱ्याकडे पाहत राहिला. त्याला यातले नेमके काय हवे होते ते आम्हाला कळले नाही.

पण सगळ्यांत जास्त धास्ती दुसऱ्याच गोष्टीची होती. या औषधाने माणूस खरे बोलतो, पोलीस गुन्हेगारांना हेच देऊन कबुली घेतात, हे लोकांनी टीव्हीवर पाहिले होते. माणसाच्या मर्जीविरुद्ध असे करता येत नाही, असे पुढे कोर्टाने सांगितले. ते मात्र टीव्हीवर पाहिलेले कोणी भेटले नाही.

अशा दिवसांत अमरावतीहून आबा आले. त्यांची गिलावड्याची, म्हणजे दह्यात भिजवलेल्या वड्यांची, गाडी होती, आणि वड्यावरच्या लाल चटणीसाठी लोक रांगेत उभे राहत. चटणीचे गुपित आबांनी कोणाला सांगितले नव्हते, पोटच्या दोन मुलांनाही नाही. पातूरच्या डोंगरातली कसलीशी मुळी बाप त्यात घालतो, अशी थोरल्याची समजूत होती. आबांच्या पित्ताशयात खडे होते, ताप येत होता, आणि आता थांबलात तर जिवावर बेतेल, असे सर्जनसाहेबांनी स्पष्ट सांगितले होते. आबा दर महिन्याला बहिणीला भेटायला अकोल्याला येत, तिथेच ते ऑपरेशनलाही आले, कारण अमरावतीचा प्रत्येक डॉक्टर त्यांच्या गाडीवर खाऊन गेलेला होता. त्यांतल्या कोणाच्या हाती शुद्ध सोपवायची त्यांची तयारी नव्हती.

ऑपरेशनच्या सकाळी दोन्ही मुलांनी सरांना गाठले. थोरला म्हणाला, "साहेब, बुढा अर्धा झोपला का दोन मिनिटं आमाले द्या. फक्त चटनीचं इचाराचं हाय."

"जागेपनी इचारा."

"जागेपनी सांगत नाई ना!"

"मंग तेच त्याचं उत्तर हाय," सर म्हणाले आणि हात धुवायला गेले.

हे बोलणे शेजारच्या खाटेवर आबांनी ऐकले. टेबलावर घेताच त्यांनी दोन्ही हात पाठीखाली दडवले. "मी नाई करत आपरेशन. मेलो तं मेलो. माही चटनी माह्यासंग जाईन."

मला वाटले, सर त्यांना शास्त्र समजावतील. ते म्हणाले, "आबा, या दवाईनं माणूस खरं नाई बोलत, मोकळं बोलते. मांगच्या महिन्यात एक तलाठी म्हने, मी कलेक्टर हाय. आमी त्याले सलाम केला अन् झोपवला."

"मी बोललो, अन् कोनी आयकलं तं?"

"पोट्टे बाहेर हायेत. ही सिस्टर कोनाचंच आयकत नाई, माहंबी नाई. अन् मी..." असे म्हणून सरांनी स्टेथोस्कोप कानांत घातला, त्याचे दुसरे टोक आबांच्या छातीवर ठेवले. "आता मले तुमचं काळीज आयकू येते, तोंड नाई."

 आबांनी एक हात बाहेर काढला.

पिवळी जाऊ लागली. आबा मोजू लागले. पाच झाले, सहा झाले. "सात," म्हणताना त्यांनी ओठ चाटले. "लसून... आता गं, ही तं त्या बाईची चटनी! जठारपेठ... गिरनीच्या बाजूले... दोन किलो बांधा बाई, एस्टीची येळ झाली..." आणि ते झोपले.

म्हणजे बहिणीच्या नावाखाली आबा दर महिन्याला अकोल्याला येत, ते ही चटणी न्यायला. दुकान आमच्या दवाखान्यापासून चार मिनिटांवर होते. सरांनी सावकाश कानांतून स्टेथोस्कोप काढला.

"सिस्टर, तुमी काही आयकलं काय?"

"नाही सर."

"मीबी नाई."

आबांचे ऑपरेशन चांगले झाले. शुद्धीवर येताच त्यांनी विचारले, "बोललो काय?" सर म्हणाले, "सातापर्यंत मोजलं. चांगलं मोजलं." बाहेर मुले वाटच पाहत होती. बुढा काही बोलला का? "सात म्हनला," सर म्हणाले, आणि ते अक्षरशः खरे होते. मुलांनी एकमेकांकडे पाहिले. पुढे वर्षभरात आबांच्या गाडीशेजारी दोघांनी आपली गाडी लावली. तिच्यावर 'सात जिन्नसांची चटणी' अशी पाटी होती.

दवाखान्यातून सुटी होण्याच्या दिवशी सरांनी आबांना एवढेच म्हटले, "सांगून टाका पोराईले. जागेपनी." आबा खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "सांगतलं तं मले बाप कोन म्हनन? गिऱ्हाईक म्हनतीन."  पुढच्या आठवड्यात गिरणीशेजारच्या त्या दुकानात आम्ही दोघे अचानक समोरासमोर आलो. "घरचं तिखट संपलं होतं," सर म्हणाले. मी म्हटले, "माझंही." दुकानवाल्या बाईने दोघांना अर्धा-अर्धा किलो लाल चटणी बांधून दिली.

आबा आणखी सहा वर्षे जगले. ते गेल्यावर मुले पुन्हा सरांकडे आली. आता तरी सांगा, म्हणाली. सरांनी त्यांना चहा पाजला, आबांच्या दोन गोष्टी सांगितल्या आणि वाटेला लावले. "झोपेत हाती आलेलं आपलं नसते, सिस्टर," असे ते मला नंतर म्हणाले. इतके गंभीर वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकले.

मागच्या वर्षी सर गेले. पुण्यानुमोदनाला मंडप भरला होता. सर्जनसाहेब 'वेदनेवर विजय मिळवणारा योद्धा' या विषयावर बराच वेळ बोलले. आबांची दोन्ही मुले अमरावतीहून आली होती, आणि थोरला खरोखर रडला. जेवणात भाजी-पोळीबरोबर सरांच्या घरची लाल चटणी होती. मी तीच दर महिन्याला गिरणीशेजारून आणते, म्हणून पहिल्या घासालाच ओळखली.

धाकट्याने ती बोटाने चाटून पाहिली, डोळे मिटून जरा वेळ विचार केला आणि थोरल्याला म्हणाला, "चांगली हाय. पन एक जिन्नस कमी हाय."