दिघेसाहेबांनी सोडलेले अधिकार

दिघेसाहेबांकडे फोनवर कुणी परवानगी मागितली की ते आधी विचारायचे, "तू कहाँ खड़ा है?" समोरचा गोंधळून म्हणायचा, "मशीन के सामने, साहब." "और मैं जबलपुर में बैठा हूँ. तो बता, किसको ज़्यादा दिखता है?" एवढं बोलून फोन ठेवून द्यायचे. मी तेव्हा नवा होतो. मला वाटायचं, साहेब काम टाळतात.

आमचं दूध संघाचं ऑफिस जबलपूरच्या नेपियर टाउनमध्ये, आणि दूध थंड ठेवायची केंद्रं पार डिंडोरीकडच्या डोंगरात. तिथली मोटर जळली की कागद आमच्याकडे यायचा, आमच्याकडून भोपाळला जायचा आणि मंजुरी मिळेपर्यंत गावातल्या बाया दूध नाल्यात ओतायच्या. मग 'मागास भागाचं उत्पादन काहून वाढत नाही' यावर बैठका घ्यायला आम्ही मोकळे! साहेबांनी भोपाळशी भांडभांड भांडून दुरुस्तीचे अधिकार केंद्रांनाच मिळवून दिले.

पहिल्याच उन्हाळ्यात सुमरत नावाच्या केंद्रप्रमुखाने दुकानदाराच्या नादी लागून भलतीच मोटर बसवली. दूध पुन्हा नासलं. भोपाळहून निरोप आला, अधिकार परत घ्या. मीही म्हणालो, "घेऊन टाका, साहेब."

"काहून?" साहेब उसळले. "इतकी वर्षं आपण दूध नासवून राहिलो, आपले अधिकार कोणी काढले का? चुकू दे त्याला. पुढच्या वेळी मेकॅनिकला विचारेल."

पुन्हा नुकसान झालं तर जबाबदार मी, असं त्यांनी वर कळवून टाकलं. निवृत्ती तोंडावर आलेली असताना असा निखारा कुणी पदरात बांधून घेत नाही. मला त्यांची फार काळजी वाटली. पण सुमरत सावरला, आणि अधिकार केंद्रांकडेच राहिले.

निरोप समारंभाच्या दिवशी साहेब हार घालून बसले होते, पण लक्ष सारखं दाराकडे. सुमरत येणार होता. शेवटी मी बाहेर जाऊन फोन लावला.

"भैया, कंप्रेसर खोलके बैठा हूँ," तो म्हणाला. "शाम का दूध आने वाला है. साहब से माफ़ी माँग लेना."

"किससे पूछके खोला?" मी सवयीने विचारलं.

"पूछना किससे था?"

आत येऊन मी साहेबांच्या कानात सांगितलं. ते आधी हसले, मग चष्मा काढून डोळे पुसत बसले. संध्याकाळी घरी सोडायला गेलो, तर साहेबांनी दारातच काकूंना हाक मारली आणि मला म्हणाले, "सांग हिला. तो काय म्हणाला, तसंच सांग."