अकोल्याची वायर

आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिलाच. त्या पदवीवर अमरावतीच्या एका वधू-वर सूचक केंद्रानं मला संगणकाचं काम दिलं, ते उपकार मी विसरलेलो नाही. केंद्राची शाखा अकोल्यात. मूळ सर्वर आमच्याकडे, तिथे त्याची हुबेहूब नक्कल. आम्ही नोंद बदलली की तिकडेही आपोआप बदलायची. याला रेप्लिकेशन म्हणतात, हे मी आईलासुद्धा समजावलं होतं.

याच केंद्रातून माझंही जमलं. मुलगी अकोटची, शिक्षिका. तिचा होकार आला तेव्हा तिच्या नोंदीपुढे ‘लग्न ठरले’ हे मीच टाकलं, आणि उगाच दोनदा वाचलं.

कुंकू लावून लग्न पक्कं करायच्या कार्यक्रमाला आम्ही अकोटला जाऊन बसतो न बसतो, तोच दारात दुसरी जीप थांबली. अकोल्याची मंडळी. मुलगी पाहायला आलेली! शाखेनं कालच पत्ता दिला म्हणाले.

मी अंगणात जाऊन शाखेच्या काकांना फोन लावला.

“सर्वर चालू हाय ना, काका?”

“हाय ना. फक्त तुमची वायर काढून ठेवली. तिकडून दिवसभर काई ना काई येऊनच राहिलं होतं, मशीन पार तापे. म्हटलं, त्याले बी आराम पायजे.”

‘लग्न ठरले’ अकोल्याला पोचलंच नाही, हे मी आत येऊन सांगितलं, तेव्हा होणारे सासरे म्हणाले, “बाप्पा, आता खरं कोनाचं धरू?”

मी प्रामाणिकपणे सांगितलं, “दोन्हीकडं वेगळं निघालं, तं अमरावतीचं खरं धरायचं.”

अकोल्याच्या मुलाचे मामा उसळले. “म्हंजे अमरावती खरी आन् अकोला खोटं?”

सासऱ्यांचाही चेहरा उतरला. अकोट अकोला जिल्ह्यातच येतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. नक्कल म्हणजे कमी दर्जाची नव्हे, असं मी समजावू लागलो, तशी वडिलांनी मला कोपर मारलं.

“आलेच हायेत, तं यांच्या पोराले बी पाहून घ्यावं काय?” सासरे म्हणाले.

आतल्या दारातून आवाज आला, “बाबा, म्या हो म्हटलं तं हो. माही वायर कोनी काढली नाई.”

आधी मामाच हसले. सासऱ्यांनी त्या मंडळींना जेवल्याशिवाय सोडलं नाही.

निघताना मामांनी मला जीपमागे नेलं. “बावा, आमच्या पोराचं नाव अमरावतीत दिसते काय?”

“दिसते ना.”

“मंग तिकडचीच एखादी पाह्य.”