कार्डावरचं जुळं

माझी आई गुंताबाई जळकी बाई होती. आईबद्दल असं बोलू नये हे मलाही कळतं, पण तिचं खरं सांगायचं तर सुरुवात इथूनच करावी लागते.

आमचं गाव शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी. सदुसष्ट साली आमच्या घरात एकाच वेळी दोघी पोटुशी होत्या, माझी वहिनी मोतीबाई आणि माझी आई. वहिनीचं कौतुक झालं. आईने पदर पुढे ओढून पोट झाकलं. घरात सून असताना सासूला दिवस जाणं म्हणजे आमच्याकडे तोंड लपवायची गोष्ट. माझ्या बापाला मात्र कोणी हटकलं नाही. तो खुशाल पारावर बिड्या ओढत बसे.

दोन कोसांवर कॅथलिक सिस्टरांचा दवाखाना होता. गरिबाघरच्या गरोदर बायकांना आणि बाळंतिणींना तिथे दर गुरुवारी गहू, तेल, दूधपावडर मिळे. बाई कुठल्या देवाची हे कोणी विचारत नसे. वहिनीचं कार्ड झालं. आई सोबतीला जायची आणि बाहेरच बसायची. आतून सिस्टर फिलोमिनाचा आवाज येई, "मोती, पोटभर जेवतेस ना? झोप लागते?" आई बाहेर बसून करपायची. तिची सहा बाळंतपणं झाली होती, पण तिला असं कोणी एकदाही विचारलं नव्हतं. परतताना गव्हाचं गाठोडं तीच डोक्यावर घ्यायची आणि वाटभर सुनेशी चकार शब्द बोलायची नाही.

वहिनीला मुलगा झाला, त्याचं नाव झुलाल. त्यानंतर नवव्या दिवशी मी झालो. आईला दूधच आलं नाही. वहिनीने मला आपल्या पदराखाली घेतलं, पण दोघांना पुरेना. मी वाळत चाललो. शेवटी वहिनीच म्हणाली, "आत्याबाई, मी जुळा सांगसू. दोन्हीसले पावडर भेटी."

आईने माझ्या अंगावरचं फडकं नीट केलं. मग म्हणाली, "सांग."

सिस्टरने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं, पण लिहिलं. त्या दिवसापासून मिशनच्या कार्डावर मी मोतीबाईचा मुलगा झालो. दर गुरुवारी वहिनी दोघांना कडेवर घेऊन आत जाई. आमची वजनं वाढली की सिस्टर तिला शाबासकी देई, आणि आईला ती बाहेर ऐकू येई. घरी आल्यावर आई मला वहिनीकडून ओढून घ्यायची. मी भोकाड पसरून पुन्हा वहिनीकडेच झेपावायचो. मग त्या दिवशी आईच्या लेखी वहिनीची भाजी खारट व्हायची, भाकरी जाड व्हायची. वहिनीला सगळं कळत होतं, म्हणून ती उलटून बोलत नसे.

मी नुकता चालायला लागलो होतो तेव्हा सिस्टर जीपमधून आमच्या घरी आली. अंगणात शेजारच्या बायका जमल्या. मी धडपडलो, रडत उठलो आणि "माय" म्हणत वहिनीला जाऊन बिलगलो. सिस्टर हसून आईला म्हणाली, "आजी, हा नातू अगदी तुमच्यावर गेलाय."

आई ताडकन उठली. "नातू नही, मना आंडोर शे हाऊ! मना पोटना शे!"

गावाला ठाऊक होतंच, पण आई स्वतःच्या तोंडाने हे कधी बोलली नव्हती. वहिनीने मान खाली घातली. आता पावडर बंद होणार, हे आईला बोलता बोलताच कळलं होतं, तरी ती थांबली नाही.

सिस्टर तिच्याजवळ भुईवरच बसली. "मग गुंताबाई, तुम्ही आत का नाही आलात? तुमचंही कार्ड झालं असतं. दोघींना मिळालं असतं."

"माले लाज वाटे," आई म्हणाली.

पुढच्या गुरुवारी आईच्या नावाचं कार्ड झालं. ती मला घेऊन पहिल्यांदाच आत गेली, वहिनी बाहेर थांबली. तिच्या मांडीवर बसून मी दाराकडे पाहिलं आणि वहिनीसाठी "माय, माय" करून टाहो फोडला. आईने मला सिस्टरसमोरच एक चापट मारली. मग मला छातीशी घट्ट धरून ती इतकी रडली, की त्या दिवशी माझं वजन करायचं राहूनच गेलं.