लोकल पार्टनर

मंडळी, हा मेल आपल्या ग्रुपबाहेर पाठवू नका, प्लीज. आत्ताच जेवून उठलोय.

मेलबर्नहून अबुधाबीला आई-बाबांकडे आलोय. आज शुक्रवारची सुट्टी, म्हणून बाबांचे मित्र देशमुखकाका दुबईहून जेवायला आले होते. त्यांचं तिथे रास अल खोरला गॅरेज आहे, एका स्थानिक अरबाच्या भागीदारीत.

"रेडिओवर बोलतोस, पुस्तकं लिहितोस. एकट्याला कसं जमतं रे?"

"एकटा नाही काका, पार्टनर आहे."

"लोकल?"

"हो, तिकडचाच. पीटर."

"मग जपून! माझ्या लोकल पार्टनरने माझी झोप उडवलीय. तुझा किती टक्के घेतो?"

आईचा डाव आमटीतच थांबला. पीटर माझा जोडीदार आहे, हे मी तीन वर्षांपूर्वी घरात सांगितलं. तेव्हापासून बाबांनी त्याचं नावही काढलेलं नाही.

बाबांनी ताकाचा पेला खाली ठेवला. "फिफ्टी-फिफ्टी. माणूस चांगला आहे."

"भेटलायस त्याला?" काकांनी विचारलं.

"अजून नाही."

रोज माइकसमोर बडबडून पोट भरतो मी, पण "अजून" हा शब्द इतका गोड असतो हे आज कळलं. मंडळी, तुम्हालाही ऐकू आला ना?