एका हातानं उघडणारा चाकू

दोघा भावांच्या दुकानात वर्षानुवर्षं एकच चाकू बनला. घडीचा, खिशात मावणारा, माशाच्या पाठीसारख्या बाकदार मुठीचा. आकार दादाचा, घाम धाकट्याचा आणि कौतुक, अर्थातच, दादाचं. मूठ शिसवीची, कडा पितळेच्या, स्प्रिंग अशी कडक की गिऱ्हाइकाचं नख आधी तुटे आणि मग पातं उघडे. "नखं वाढवा की जरा," दादा उलट त्यालाच सुनावायचा, आणि गिऱ्हाईक खजील होऊन चाकू घेऊन जायचं.

मग अर्धांगवायूनं दादाचा उजवा हात गेला. वहिनी पेरू चिरून बशीत आणून द्यायची आणि दादा त्या बशीकडे कोर्टाचं समन्स आल्यासारखं बघायचा. स्वयंपाकघरातली सुरी त्याला चालेना, घडीचा चाकू एका हातानं उघडेना. भरल्या बशा परत जाऊ लागल्या, तेव्हा धाकटा कामाला लागला.

शिसवी जड, म्हणून त्यानं मोडक्या रेसिंग सायकलचं कार्बन फायबर आणलं.

"माशानं रेनकोट घातला वाटतं," वहिनी म्हणाली.

तोंडाला फडकं बांधून तो कानस चालवत राहिला. काळी पूड पडत होती, पण वास कसलाच नव्हता. पूर्वी शिसवी घासताना दुकानभर गोडसर वास सुटायचा आणि पलीकडून दादा बेसूर शीळ घालायचा. आता दुकानात कानशीचा तेवढा आवाज. आकारात मात्र त्यानं केसाचाही फरक केला नाही. आत स्प्रिंग नरम घातली, पितळी चकत्यांच्या जागी नायलॉनच्या बसवल्या आणि पात्यावर अंगठ्यानं लोटायचं बारकं बटण लावलं.

दादानं चाकू डाव्या हातात घेतला. अंगठा पात्यावर फिरत राहिला. बटण पलीकडच्या अंगाला होतं, बोटांखाली.

"धाकट्या," दादा शेवटी म्हणाला, "हा माझ्या उजव्या हाताला केलास रे."

धाकट्याचा चेहरा पडला. पात्यावर नख अडकवायची खाच आयुष्यभर ज्या अंगाला पाडली, तिथंच त्याच्या हातानं बटण लावलं होतं. मापं घेताना त्याच्या डोळ्यांसमोर दुकानातला दादा होता, खाटेवरचा नव्हताच.

"दे, बदलतो."

"बदल. पण ते जुनं भोक बुजवू नकोस. त्या हाताचीही आठवण राहू दे."

दुसऱ्या दिवशी पातं दोनदा अडलं, तिसऱ्यांदा सरकन उघडलं. वहिनी लगबगीनं पेरू धरायला पुढे झाली.

"व्हा बाहेर दोघं. सर्कस आहे का इथं?"

दोघं दाराबाहेर उभी राहिली. आत पेरू एकदा जमिनीवर घरंगळला, एक कचकचीत शिवी ऐकू आली, मग पेरू चिरल्याचा करकर आवाज.

"धाकट्या, मीठ आण," आतून हुकूम सुटला. "आणि खायचा असेल तर लवकर ये, मी थांबणार नाही."