चौथा गिअर

जन्मभर बस चालवलेल्या माणसाला हात रिकामे ठेवणं जमत नाही. निवृत्तीनंतर ड्रायव्हर आजोबांच्या हातांना काही दिवस कामच नव्हतं. मग नात आली. तिला निजवायची त्यांची तऱ्हाच न्यारी. तिला खांद्याशी धरून ते तोंडाने इंजिनाची घरघर काढत आणि एकेक गिअर टाकत जात. चौथा पडेपर्यंत पोरीची मान खांद्यावर टेकलेली असे.

"अहो, मूल आहे ते, डेपोतली गाडी नाही," आजी म्हणायच्या.

सून गणिताची. बाळंतपणाआधी तिने एक प्रमेय सिद्ध केलं होतं. ते परगावच्या परिषदेत मांडायला तिला बोलावणं आलं. चार जाणत्यांपुढे उभं राहायची तिची ही पहिलीच वेळ. पण ती नकार कळवायला निघाली.

"पोर बाटली तोंडात धरत नाही, बाबा. तिला टाकून कशी जाऊ?"

"टाकून कशाला? घेऊन जाऊ. मी येतो. गाडी फार दिवस उभी ठेवली की बॅटरी उतरते, सूनबाई."

"आणि त्या विद्वानांत तुम्ही काय करणार?" आजींनी टोमणा मारलाच.

"बाहेर उभा राहीन."

तसे ते उभे होते. सभागृहाचं जुनं दार नीट लागत नव्हतं. आत सून फळ्यावर लिहीत होती. गणितवाले अजून खडूनेच बोलतात, हे आजोबांना मनापासून आवडलं. कळत काही नव्हतं. पण टकटक ऐकू येतेय म्हणजे गाडी चालू आहे, एवढं त्यांना पुरे होतं.

नेमकी तेव्हाच पोर जागी झाली. दाराआडून आईचा आवाज कानी पडताच तिने टाहो फोडला.

आत खडू थांबला.

आजोबांनी दाराकडे पाहिलं. आता सूनबाई बाहेर येणार, आणि भाषण तिथेच राहणार. पोरीला घेऊन लांब जावं, तर तो व्हरांडा असा घुमणारा की कुठूनही आवाज आत पोचावा. इथे, या चष्मेवाल्यांसमोर, तोंडाने इंजिन चालवायचं? मरो ती लाज, म्हणत त्यांनी पहिला गिअर टाकला. दुसऱ्या गिअरला, चहा घेऊन चाललेले एक प्राध्यापक जागीच थबकले. तिसऱ्याला हुंदके विरळ झाले. चौथा पडला आणि मान खांद्यावर टेकली.

आतून सुनेचा आवाज आला, "माफ करा. चौथा पडला. आता पुढे जाऊ."

सभागृहात कुणालाच काही उमगलं नसावं. खडू पुन्हा टकटकू लागला. आजोबांनी मात्र टाळ्या वाजेपर्यंत गिअर सोडला नाही.

भाषण संपल्यावर श्रोत्यांतली एक तरुण गणिती मूल कडेवर घेऊन त्यांच्यापाशी आली. जरा घुटमळली.

"आजोबा, उद्या माझं भाषण आहे. याला घ्याल?"

त्यांचा घसा पार बसला होता. त्यांनी मुलाकडे जुन्या सवयीने, जागेचा अंदाज घेतल्यासारखं पाहिलं.

"उभे प्रवासी घेत नाही," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "पण हा दुसरा खांदा रिकामा आहे."